मातीचा हिशेब मांडणारा अभियंता

पोलादाची कांब ताणली तर ती किती लांबेल आणि किती भाराखाली तुटेल, हे अभियंत्यांना एकोणिसाव्या शतकातच नेमके सांगता येऊ लागले होते. पॅरिसमध्ये १८८९ साली आयफेल मनोरा उभा राहिला तो याच हिशेबाच्या जोरावर. परंतु असा मनोरा ज्या जमिनीवर उभा करायचा ती जमीन किती दबेल, केव्हा दबेल आणि तिचे दबणे कधी थांबेल, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नांना विसाव्या शतकाची पहिली दोन दशके उलटत आली तरी उत्तर नव्हते. पाया खोदणारा अनुभवी माणूस पायाखालची माती बोटांत चुरडून जे सांगेल, त्यावरच भिस्त ठेवावी लागे.

फ्रान्सच्या शार्ल कुलॉम यांनी १७७३ मध्ये संरक्षक भिंतीवर मातीचा किती रेटा येतो याचे गणित मांडले होते. स्कॉटलंडच्या विल्यम रँकिन यांनी १८५७ मध्ये त्यात मोलाची भर घातली. पण हे सारे गणित माती ढासळण्याच्या क्षणाचे होते. ढासळण्यापूर्वी माती कशी वागते, याबाबत ते मूक होते. या मौनाची किंमत मोजावी लागत होती. पनामा कालव्याच्या खोदाईत कुलेब्राचे कडे पुन्हा पुन्हा घसरले. स्वीडनमध्ये गोथेनबर्ग बंदराचा धक्का १९१६ मध्ये पाण्यात सरकला. १ ऑक्टोबर १९१८ रोजी त्याच देशात नॉरचेपिंग शहराजवळ रेल्वेचा भराव निसटला, धावती गाडी त्याबरोबर खाली गेली आणि ४० हून अधिक माणसे प्राणास मुकली.

पहिले महायुद्ध संपत असलेल्या त्याच हिवाळ्यात, युरोपच्या दुसऱ्या टोकाला इस्तंबूल शहरात, ३५ वर्षांचा एक ऑस्ट्रियन अभियंता बेकार झाला होता. त्याचे नाव कार्ल टेरझागी. पुढे जगभरातील अभियंत्यांनी ज्यांना मृदा यामिकीचे, म्हणजेच 'सॉइल मेकॅनिक्स' या शास्त्राचे जनक मानले, ते हेच गृहस्थ.

टेरझागी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८८३ रोजी प्राग येथे झाला. प्राग त्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. वडील सैन्यात अधिकारी होते. त्यांच्या निवृत्तीनंतर कुटुंब ऑस्ट्रियातील ग्राझ शहरी स्थायिक झाले. पण वडिलांचे छत्र फार काळ लाभले नाही. घराण्याच्या रिवाजाप्रमाणे मुलाची रवानगी वयाच्या दहाव्या वर्षी लष्करी निवासी शाळेत झाली. कवायतीपेक्षा खगोल आणि भूगोलात रमणाऱ्या या मुलाने सैनिकी पेशाकडे पाठ फिरवली आणि १९०० मध्ये ग्राझच्या तंत्रविद्यालयात यंत्र अभियांत्रिकीसाठी नाव घातले. विद्यार्थी म्हणून ते अवखळ होते. मद्यपान, द्वंद्वयुद्धे आणि खोड्या यांत त्यांचा बराच वेळ जाई आणि एका प्रसंगी विद्यालयातून काढून टाकले जाण्याची पाळीही त्यांच्यावर आली. फर्डिनांड विटेनबाउअर हे प्राध्यापक पाठीशी उभे राहिले म्हणून शिक्षण तडीस गेले. १९०४ मध्ये पदवी मिळाली, तीही विशेष गुणवत्तेसह.

पदवी यंत्रांची होती, पण मन यंत्रांत नव्हते. आल्प्सच्या भटकंतीने त्यांना खडक आणि दऱ्या वाचायची गोडी लावली होती. सक्तीच्या लष्करी सेवेच्या वर्षात त्यांनी आर्चिबाल्ड गायकी यांचे भूशास्त्राचे इंग्रजी पुस्तक जर्मनमध्ये आणले आणि त्यात स्वतःची भर घातली. नंतर आणखी एक वर्ष ग्राझला परतून भूशास्त्राचे धडे घेतले. पुढे व्हिएन्नाच्या एका बांधकाम कंपनीत ते रुजू झाले. क्रोएशियात जलविद्युत प्रकल्पाचे काम, रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे अडचणीत आलेल्या पायाची सोडवणूक, अशी कामे करता करता त्यांना एक गोष्ट बोचू लागली. धरणाच्या भिंतीचे गणित दहा पाने भरून होत असे. ती ज्या मातीवर बसायची तिच्याबद्दल मात्र अहवालात एकच शब्द असे. कोणी 'चिकणमाती' लिही, कोणी 'रेती' लिही. एकाच नावाच्या दोन मात्या प्रत्यक्षात दोन परस्परविरुद्ध स्वभावांच्या निघत.

या कोड्याचा उलगडा प्रत्यक्ष कामांतून होईल या आशेने ते १९१२ मध्ये, डॉक्टरेट पदरात पडताच, अमेरिकेला गेले. तेथील सिंचन खात्याची धरणे एकामागून एक उभी राहत होती. कोठे कोणती माती होती आणि तेथे काय घडले, याच्या पुरेशा नोंदी जमवल्या की नियम आपोआप हाती लागतील, असा त्यांचा तर्क होता. दोन वर्षे ते पश्चिम अमेरिकेत हिंडले, पैसे संपले तेव्हा कोलंबिया नदीवर खडकात भोके पाडणाऱ्या कामगाराचे काम केले आणि १९१३ च्या अखेरीस रिकाम्या हाताने परतले. ज्या मातीचे गुणधर्म कोणी मोजलेच नव्हते, तिच्या नोंदी कितीही जमवल्या तरी त्यांतून शास्त्र निघणार नव्हते. हे अपयश त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा ठरवून गेले.

मग युद्ध आले. आघाडीवर आणि नंतर व्हिएन्नाजवळच्या आस्पर्न विमानतळावर काम केल्यावर १९१६ मध्ये त्यांची नेमणूक इस्तंबूलच्या शाही अभियांत्रिकी विद्यालयात झाली. ग्राझचे त्यांचे जुने गुरू आणि जलशास्त्रज्ञ फिलिप फोर्शहाइमर तेथे होते, त्यांच्यामुळे हा योग आला. १९१८ मध्ये तुर्कस्तान आणि ऑस्ट्रिया दोघेही युद्ध हरले आणि नोकरी गेली. मायदेशी परतून करण्यासारखे काही नव्हते; ज्या साम्राज्यात जन्म झाला तेच नकाशावरून पुसले जात होते. बॉस्फरसच्या किनाऱ्यावरील टेकडीवर अमेरिकनांनी चालवलेले रॉबर्ट कॉलेज होते. तेथे अध्यापनाची तुटपुंज्या वेतनाची जागा मिळाली. या कॉलेजच्या जुन्या परिसरात १९७१ पासून बोआझिची विद्यापीठ आहे.

प्रयोगशाळेसाठी पैसे नव्हते. मिळेल त्या सामानातून आणि सिगारच्या रिकाम्या खोक्यांतून उपकरणे तयार झाली. आधुनिक बांधकामाच्या एका आधारभूत शास्त्राचा आरंभ अशा भंगारातून व्हावा, ही गोष्ट गमतीची खरी; पण त्यामागे निकड होती. टेरझागी यांनी प्रथम वाळू घेतली. वाळू भरलेल्या पेटीची एक बाजू किंचित सरकू दिली, तर तिच्यावरील वाळूचा रेटा किती बदलतो हे त्यांनी मोजले. भिंत केसभर हलली तरी रेटा झपाट्याने कमी होतो, असे दिसून आले. म्हणजे मातीचा दाब हा केवळ मातीचा गुण नव्हे, तर ती किती विकृत होते त्यावरही तो अवलंबून असतो. कुलॉम आणि रँकिन यांच्या गणितात ही हालचाल कोठेच नव्हती. १९२० मध्ये हे निष्कर्ष एका अमेरिकन अभियांत्रिकी नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

खरे आव्हान चिकणमातीचे होते. तिच्यावर भार ठेवला की ती लगेच दबत नाही. महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे हळूहळू खाली जात राहते. इमारत पुरी होते, लोक राहायला येतात आणि मग भिंतींना तडे दिसू लागतात. हा विलंब कशामुळे, हे जाणून घेण्यासाठी टेरझागी यांनी एक साधे उपकरण बनवले. धातूच्या कड्यात पाण्याने भिजलेल्या चिकणमातीची चकती ठेवायची. तिच्या वर आणि खाली पाणी जाऊ देणारे सच्छिद्र दगड बसवायचे. मग वरून भार देऊन चकती किती दबली आणि किती वेळात दबली, हे तासन् तास टिपत राहायचे. एका भाराखाली दबणे जवळपास थांबले की भार दुप्पट करायचा. आज महाराष्ट्रातील स्थापत्य अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांत विद्यार्थी 'कन्सॉलिडेशन टेस्ट' म्हणून जी चाचणी करतात, ती हीच. भारतीय मानक २७२० च्या पंधराव्या भागात तिची रीत दिलेली आहे.

या चकतीने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की चिकणमाती पोलादासारखी सरळ रेषेत वागत नाही. पोलादावरचा भार दुप्पट केला तर लांबीही दुपटीने वाढते आणि भार काढला की कांब मूळ लांबीवर येते. चिकणमातीत भार दसपट झाल्यावर जेवढी घट होते, तेवढीच पुन्हा व्हायची तर भार आणखी दसपट करावा लागतो. भार काढून घेतल्यावर ती थोडीशीच फुगते, मूळ जागी येत नाही. पूर्वी कधी काळी सोसलेला सर्वांत मोठा दाब ती लक्षात ठेवते; पुन्हा तेवढाच भार येईपर्यंत ताठ राहते आणि तो ओलांडला की पुन्हा भराभर दबू लागते. हजारो वर्षांपूर्वी हिमनद्यांखाली चिरडलेली युरोपातील माती म्हणूनच आजही कठीण लागते.

दुसरी गोष्ट पाण्याची होती, आणि टेरझागी यांचे नाव तिच्यामुळेच राहिले. त्यांच्या ध्यानात आले की भिजलेल्या मातीवर भार ठेवताच तो मातीचे कण उचलत नाहीत, प्रथम कणांमधील पाणी उचलते. पाणी दबत नाही, म्हणून माती दबत नाही. मग हे पाणी सूक्ष्म वाटांनी बाहेर झिरपू लागते, त्याचा दाब उतरतो आणि जेवढा उतरतो तेवढा भार कणांच्या सांगाड्यावर येतो. माती दबते ती तेव्हा. हे समजावण्यासाठी ते पाण्याने भरलेल्या नळकांड्याचे उदाहरण देत. आत एक स्प्रिंग आणि वर बारीक छिद्र असलेला दट्ट्या. दट्ट्यावर वजन ठेवले की आधी पाणी ते पेलते, पाणी छिद्रातून निघून जाते तसतशी स्प्रिंग दबत जाते. स्प्रिंग म्हणजे मातीचा सांगाडा.

एकूण दाबातून पाण्याचा दाब वजा केला की जे उरते ते 'इफेक्टिव्ह स्ट्रेस', प्रभावी प्रतिबल. मातीचे दबणे, फुगणे, तिची ताकद, सारे याच उरलेल्या भागावर ठरते. ही एका ओळीची वजाबाकी आहे. परंतु पावसाळ्यात डोंगर का घसरतो, धरणाच्या पायथ्याशी वाळू उकळल्यासारखी का दिसते, विहिरी उपसत राहिल्यावर शहराची जमीन का खचते, या सर्वांची किल्ली तिच्यात आहे.

पाणी झिरपण्याच्या वेगाचे समीकरण टेरझागी यांनी १९२३ मध्ये व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले. गणिताच्या दृष्टीने ते फुरिए यांच्या उष्णतावहनाच्या समीकरणासारखेच होते. तापमानाच्या जागी पाण्याचा दाब आला होता. त्यातून निघणारा एक नियम बांधकाम करणाऱ्याला हादरवणारा होता. दबायला लागणारा वेळ थराच्या जाडीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. प्रयोगशाळेतील दोन सेंटिमीटरची चकती एका तासात अपेक्षेइतकी दबली असेल, तर तशाच मातीचा, तसाच दोन्ही बाजूंनी पाणी सोडणारा दहा मीटरचा थर त्याच टप्प्याला पोहोचायला अडीच लाख तास, म्हणजे सुमारे २८ वर्षे घेईल. मुंबईच्या खाडीपलीकडे सागरी चिकणमातीवर बंदर आणि वसाहती उभारताना जमिनीत उभ्या निचरापट्ट्या रोवून वर तात्पुरता भराव टाकतात, तो हीच वर्षे महिन्यांवर आणण्यासाठी. पाण्याला जायची वाट आखूड केली की वेळ वर्गाच्या पटीत घटतो.

१९२५ मध्ये व्हिएन्नाहून त्यांचा 'एर्डबाउमेखानिक' हा जर्मन ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि मृदा यामिकी या शास्त्राचा जन्म त्याच वर्षी झाला असे मानण्याची प्रथा पडली. त्याच वर्षी ते बोस्टनजवळील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत गेले. तेथे आर्थर कासाग्रांडे हे तरुण ऑस्ट्रियन अभियंते त्यांचे साहाय्यक झाले. टेरझागी यांच्या घाईत केलेल्या उपकरणांना नेमकेपणा दिला तो कासाग्रांडे यांनी. मातीची जुनी 'आठवण' आलेखावरून शोधण्याची रीतही त्यांचीच. गुरूच्या छायेत शिष्याचे नाव काहीसे झाकोळले गेले, हे मात्र खरे.

याच काळात टेरझागी यांचा पहिला विवाह मोडला आणि १९३० मध्ये त्यांनी भूशास्त्राच्या संशोधक रूथ डॉगेट यांच्याशी विवाह केला. खडकांतील भेगा मोजताना होणारी चूक सुधारण्याची 'टेरझागी दुरुस्ती' खडक अभियांत्रिकीत सर्रास वापरली जाते. पुष्कळ जण ती कार्ल यांची समजतात. ती १९६५ च्या लेखात मांडली रूथ टेरझागी यांनी.

१९२९ मध्ये ते व्हिएन्नाच्या तंत्रविद्यालयात प्राध्यापक म्हणून सन्मानाने परतले. आता ते प्रसिद्ध होते, युरोपभरातून सल्ल्यासाठी बोलावणी येत होती. या बोलावण्यांत न्यूरेंबर्गचेही होते. नाझी मेळाव्यांसाठी तेथे उभारायच्या अवाढव्य वास्तूंच्या पायाबाबत त्यांचा सल्ला घेण्यात आला आणि त्या निमित्ताने हिटलरशी त्यांची भेटही झाली. तांत्रिक सल्ला वेगळा आणि तो घेणारा वेगळा, अशी फारकत करण्याची त्यांची सवय येथे कसोटीला उतरली, असे म्हणता येत नाही.

व्हिएन्नातच त्यांच्या आयुष्यातील सर्वांत काळे प्रकरण घडले. त्याच विद्यालयात पॉल फिलुंगर हे यामिकीचे प्राध्यापक होते. तेही १८८३ चेच. धरणाच्या सच्छिद्र काँक्रीटमध्ये शिरणाऱ्या पाण्याचा दाब पदार्थाच्या ताकदीवर काय परिणाम करतो, याचा विचार त्यांनी १९१३ पासून, म्हणजे टेरझागी यांच्या आधीच सुरू केला होता. छिद्रांतील पाण्याचा दाब दोन्हीकडून सारखा असेल तर पदार्थाची ताकद त्याने बदलत नाही, हा त्यांचा निष्कर्ष प्रभावी प्रतिबलाच्या कल्पनेच्या अगदी जवळ जाणारा होता. पाण्याच्या या उचल-दाबावरून दोघांत वाद होताच. त्यात स्वभाव भिडले. फिलुंगर शुद्ध सिद्धांताचे उपासक. टेरझागी यांना समीकरण पायाखाली उपयोगी पडले की पुरे. १९३६ च्या अखेरीस फिलुंगर यांनी एक पुस्तिका छापून टेरझागी आणि त्यांचे सहकारी ओटो फ्रोलिख यांच्या सिद्धांतावर घणाघाती हल्ला चढवला. चुका दाखवण्यावर ते थांबले नाहीत. हे शास्त्रच बनावट आहे आणि त्याच्या नावावर धंदा चालला आहे, असा त्यांचा आरोप होता.

टेरझागी यांनी विद्यालयाकडे दाद मागितली. चौकशी समिती बसली. समितीचा कौल टेरझागी यांच्या बाजूने जाणार हे स्पष्ट झाले आणि मार्च १९३७ मध्ये फिलुंगर आणि त्यांच्या पत्नीने राहत्या घरी आत्महत्या केली.

समितीने चूक केली असे म्हणता येणार नाही. टेरझागी यांचे समीकरण बरोबरच होते आणि आजही वापरात आहे. पण त्या पुस्तिकेत शिवीगाळीच्या आड आणखी काही होते, तिकडे त्या वेळी फारसे कोणी पाहिले नाही. माती ही घन कण आणि पाणी अशा दोन घटकांची असून दोघांच्या गतीची समीकरणे स्वतंत्रपणे मांडून मग जोडली पाहिजेत, असा एक व्यापक सिद्धांत फिलुंगर यांनी त्यात मांडला होता. टेरझागी यांची मांडणी एकाच दिशेने दबणाऱ्या थरापुरती होती. तिला तिन्ही मितींत नेले बेल्जियमचे मॉरिस बिओ यांनी १९४१ मध्ये. पुढे जर्मन संशोधक राइंट द बोअर यांनी फिलुंगर यांची कागदपत्रे धुंडाळून सच्छिद्र माध्यमांच्या आधुनिक सिद्धांताचे मूळ त्यांच्याकडे जाते, हे दाखवून दिले. तोवर अर्धे शतक उलटून गेले होते.

जून १९३६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात या शास्त्राची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिचे अध्यक्ष टेरझागी होते आणि या परिषदेतून उभ्या राहिलेल्या संघटनेचे अध्यक्षपद १९५७ पर्यंत त्यांच्याकडेच राहिले. गंमत अशी की आपल्या समीकरणांनी भारावलेल्या अभियंत्यांना ते तेव्हापासूनच आवरू लागले होते. निसर्गाने घालून ठेवलेला थर प्रयोगशाळेतील चकतीसारखा एकजिनसी नसतो. चिकणमातीत वाळूची बोटभर जाडीची एखादी पट्टी असेल तर पाणी तिच्यातून निघून जाते आणि २८ वर्षांचा हिशेब सात वर्षांपर्यंत खाली येऊ शकतो. ती पट्टी बोअरच्या नमुन्यात सापडेलच असे नाही.

१९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर टेरझागी कायमचे अमेरिकेला गेले, हार्वर्डमध्ये शिकवू लागले आणि १९४३ मध्ये तेथील नागरिक झाले. आपला इशारा प्रत्यक्षात आणण्याची संधी त्यांना शिकागोने दिली. शहराच्या गजबजलेल्या रस्त्यांखाली, मऊ चिकणमातीतून भुयारी रेल्वेचे बोगदे काढायचे होते आणि वर उंच इमारती उभ्या होत्या. सल्लागार होण्यासाठी टेरझागी यांनी अट घातली की कामावर मातीची प्रयोगशाळा हवी आणि तिच्यावर आपल्या विश्वासातला माणूस हवा. त्या जागी राल्फ पेक हे विशीतले अभियंते आले. बोगद्यात किती चिकणमाती आत सरकते आणि रस्ता किती खाली जातो, याची मोजमापे रोज होऊ लागली. त्यांवरून खोदाईचा क्रम बदलला गेला, रस्ता खचण्याचे प्रमाण खाली आले आणि इमारती जागेवर राहिल्या.

आधी अंदाज करायचा, काम चालू असताना मोजायचे आणि मोजमापाने अंदाज खोटा ठरवला तर आराखडा बदलायचा. या पद्धतीची शिस्तशीर मांडणी पेक यांनी १९६९ मध्ये केली; तिची घडण शिकागोच्या बोगद्यांत झाली होती. दोघांनी मिळून लिहिलेले १९४८ चे पाठ्यपुस्तक जगभरातील अभियंत्यांच्या टेबलावर गेले. त्याआधी १९४३ मध्ये टेरझागी यांचा सैद्धांतिक ग्रंथ आला होता. अमेरिकन सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेचे नॉर्मन पदक त्यांना चार वेळा मिळाले.

वयाची सत्तरी ओलांडल्यावर इजिप्तने त्यांना आस्वानच्या उंच धरणाच्या सल्लागार मंडळाचे अध्यक्ष केले. नाईल नदीच्या गाळाने भरलेल्या खोल दरीवर हे धरण उभे करायचे होते. शीतयुद्धाच्या राजकारणात प्रकल्प सोव्हिएत संघाकडे गेला, आराखड्याबाबत तेथील अभियंत्यांशी मतभेद झाले आणि १९५९ मध्ये टेरझागी यांनी राजीनामा दिला. २५ ऑक्टोबर १९६३ रोजी मॅसॅच्युसेट्समधील विंचेस्टर येथे वयाच्या ८० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी केंब्रिज विद्यापीठातील केनेथ रॉस्को आणि अँड्र्यू स्कोफील्ड यांनी ओल्या चिकणमातीचे एक गणिती प्रतिरूप प्रसिद्ध केले. केंब्रिजच्या नदीवरून ते 'कॅम क्ले' या नावाने ओळखले गेले. टेरझागी यांनी मातीचे दबणे आणि तिची ताकद या गोष्टी वेगवेगळ्या हाताळल्या होत्या; कॅम क्लेने त्या एका सूत्रात बांधल्या आणि प्रतिबल वाढत जाते तशी माती पायरीपायरीने किती विकृत होते, हे संगणकाला सांगण्याजोगे केले. बोगद्याचा किंवा खोल तळघराचा आराखडा आज संगणकावर तपासताना अशीच प्रतिरूपे वापरली जातात. त्यांत प्रत्येक ठिकाणी जे प्रतिबल भरावे लागते ते मात्र बॉस्फरसच्या टेकडीवर सापडलेल्या त्या वजाबाकीनंतर उरलेले असते.

टेरझागी यांचे अखेरचे मोठे काम कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील ब्रिज नदीवरचे मिशन धरण. दरीत दबणाऱ्या चिकणमातीचे थर होते आणि खडक फार खोल होता. धरण खचणार, तेही सगळीकडे सारखे नाही, हे टेरझागी यांनी गृहीतच धरले. म्हणून त्यांनी खचले तरी फुटणार नाही असे लवचिक मातीचे धरण योजले, वरच्या बाजूला चिकणमातीचे अस्तर आणि त्यावर प्लास्टिकची चादर अंथरली, आणि काय घडते ते पाहण्यासाठी मोजमापाची उपकरणे बसवून घेतली. धरण १९६० मध्ये पूर्ण झाले. अपेक्षेप्रमाणे ते खचलेही आणि पाणीही अडवत राहिले. या कामावर त्यांनी इव्ह लाक्रुआ यांच्यासह लिहिलेला प्रबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या पुढच्याच वर्षी मिशन हे नाव बदलून धरणाला टेरझागी यांचे नाव देण्यात आले.